घरी प्रभुभोजन घ्यायचं आहे? आधी मंडळीत विचारा, मग कणीक मळा

सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. रविवारी सकाळी आम्ही चर्चला निघालो की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एकदा परत आल्यावर मी विचारलं, "आत्या, चहा टाकू का?" तर म्हणाल्या, "तुम्ही समदे जेवून आलाव, मी तेवढी उपाशी." पोह्यांची बशी त्यांच्या उशाशीच होती, तिलाही हात लावला नव्हता. मला कळायला जरा वेळ लागला. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजनाचा: येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्याच दुपारी मी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, फोन केला.

तेव्हापासून आमच्या घरी, आणि पुढे मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायातल्या, बऱ्याच घरी, या विधीची तयारी करायला मी जाते. नुकताच बाप्तिस्मा घेतलेली जोडपी असतात, लग्न होऊन आलेल्या सुना असतात, सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळी असल्यामुळे रविवार न मिळणारी पोरं असतात. सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच. पाव कुठला आणायचा? वाइन लागते का? आणि हळूच, शेवटी: आमचं आम्हीच केलं तर चालतं का?

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीची तयारी फुकट आहे.

पहिलं काम: फोन

तुम्ही कोणत्या मंडळीचे, यावर सगळं अवलंबून आहे. कॅथलिक असाल तर मिस्सा (प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना) तुमचा तुम्हाला घरी करता येत नाही. तो धर्मगुरूच अर्पण करतात. मात्र आजारी माणसाला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली भाकर, घरी मिळतो. चर्चमध्ये अर्पण झालेली भाकर छोट्या डबीतून धर्मगुरू किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती घेऊन येते. तुम्ही फक्त कळवायचं, आणि स्वच्छ टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस ठेवायचा. ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नसतं, पण आजारी माणसाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना त्यातून सूट आहे. हे ठाऊक नसल्याने एका घरात मधुमेहाच्या आजोबांना सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, म्हणून मुद्दाम सांगते.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत, म्हणजे १९७० साली अनेक जुन्या मंडळ्या मिळून जी झाली तिच्यात, दीक्षित (मंडळीने विधिपूर्वक नेमलेले) पाळकच हा विधी चालवतात. ते घरी येतात आणि आनंदाने येतात. आपण बोलवत नाही हीच अडचण असते. पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांमध्ये रीत वेगळी. ब्रदरन लोक याला 'भाकर मोडणे' म्हणतात, दर रविवारी करतात, आणि त्यासाठी दीक्षित पाळक हवाच असं मानत नाहीत. बऱ्याच स्वतंत्र मंडळ्यांत घरच्या प्रार्थनासभेत एखादे वडील हे चालवतात. (नव्या वाचकांसाठी: मंडळीत 'वडील' म्हणजे बाप नव्हे, तर कारभार पाहणारी निवडलेली जबाबदार माणसं.)

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि ९ एप्रिलचा पवित्र गुरुवार, म्हणजे येशूच्या त्या शेवटच्या जेवणाचा दिवस, सगळ्यांनाच घरात काढावा लागला. काही मंडळ्यांनी सांगितलं, मोबाइलसमोर भाकर-प्याला घेऊन बसा. काहींनी सांगितलं, थांबा, परत एकत्र येऊ तेव्हाच घेऊ. दोन्ही बाजूंकडे कारणं होती. पण तेव्हापासून एक सवय पडली की मनात आलं, बिस्किट घेतलं, सरबत घेतलं, झालं प्रभुभोजन. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगते. बिस्किट हलकं म्हणून नव्हे. हा विधी एकट्याचा नाही, मंडळीचा आहे, म्हणून. घरी घेतलेलं प्रभुभोजन म्हणजे मंडळीच्याच मेजाचा एक कोपरा तुमच्या खोलीत आलेला असतो. म्हणून पाळकांना कळवल्याशिवाय करू नका. त्यांनी "तुम्हीच घ्या" म्हटलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. "मी येतो" म्हटलं तर तयारीचा भाग तुमचा, विधी त्यांचा.

हे आहे तरी काय

वल्हांडण हा यहुदी लोकांचा सण. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटायच्या रात्री घाईघाईत जेवण उरकलं, पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून बेखमीर भाकर. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ते आहे. धरून दिलं जाण्याच्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते ते याच सणाचं भोजन होतं. जागा कुठली? मंदिर नाही, कुणाच्या तरी घराची माडी. हे लक्षात ठेवा, कारण 'घरी करणं म्हणजे कमी दर्जाचं' असं मनात येतं तेव्हा उपयोगी पडतं.

त्या जेवणात चार क्रिया आहेत: भाकर घेतली, उपकार मानले, मोडली, दिली. शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) मी पोरांना बोटांवर मोजून पाठ करायला लावते. घेणं, उपकार मानणं, मोडणं, देणं. पुढे जो क्रम सांगणार आहे तो या चारांवरच उभा आहे. आणि त्याबरोबरची आज्ञा: "माझ्या स्मरणार्थ हे करा."

भाकरीचं आणि द्राक्षरसाचं नेमकं काय होतं, यावर मंडळ्यांचं एकमत नाही. कॅथलिक मानतात की ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं. प्रोटेस्टंटांमध्ये ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक १५२९ साली जर्मनीत मार्बुर्गला याच एका वाक्यावर, "हे माझे शरीर आहे" यावर, बसले आणि न जुळता उठले. तुम्ही आपल्या पाळकांना विचारा, ते त्यांच्या मंडळीची शिकवण सांगतील. मी त्यात पडत नाही.

मी जिथे रेंगाळते ती जागा वेगळी आहे. प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. साधारण इ.स. ५५च्या सुमाराचं हे पत्र, आणि या विधीचं आपल्या हाती असलेलं सगळ्यात जुनं लिखित वर्णन त्यातच आहे. नवखी माणसं त्यातल्या सत्ताविसाव्या वचनापाशी येऊन घाबरतात. जो कोणी 'अयोग्य प्रकारे' भाकर खाईल तो दोषी ठरेल, असं तिथे आहे. मी अशा बाया पाहिल्यात ज्या वर्षानुवर्षं ताट पुढे आलं की मान खाली घालतात. का, तर कधीतरी खोटं बोलले, मनात वाईट आलं, अंग धुतलं नव्हतं. एकीने मला विचारलं होतं, "पाळी चालू असताना घेतलं तर पाप लागतं का ओ?" नाही लागत. शास्त्रात, म्हणजे बायबलात, या विधीबाबत तसं एक अक्षर नाही.

त्या वचनाच्या आधीचं वाचा, सतरापासून. करिंथात काय चाललं होतं? मंडळी कुणाच्या तरी मोठ्या घरी जमायची. पैसेवाले लवकर यायचे, आपापलं आणलेलं खाऊन पिऊन मोकळे व्हायचे. गरीब लोक मागून यायचे तर त्यांच्यासाठी काही उरलेलं नसायचं. एक उपाशी, एक झिंगलेला, आणि दोघं एकाच प्रभूच्या मेजावर! पौल ज्याला 'अयोग्य' म्हणतो ते हे. अध्यायाच्या शेवटी उपायही अगदी घरगुती सांगतो: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

आपल्याकडे हे समजायला ग्रीस लागत नाही. कोणाची पंगत वेगळी, कोणाला वरून पाणी ओतायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलंय. मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेल्या वरच्या जातीच्या माणसाला सगळ्यात जड काय गेलं असेल? प्रार्थना नव्हे, गाणी नव्हेत. महार-मांग भावाने ओठ लावलेला प्याला आपल्या ओठाला लावणं. आज आपण छोट्या छोट्या पेल्या वापरतो, ते स्वच्छतेसाठी ठीकच आहे, पण त्या एका प्याल्यात काय मोडलं गेलं होतं ते नव्या माणसाने जाणून घ्यावं. सत्तरेक किलोमीटरवरच्या पंढरपूरजवळ गोपाळपूरला आषाढी पौर्णिमेला काला होतो. माझ्या वारकरी मैत्रिणीला मी प्रभुभोजन समजावत होते तेव्हा ती चटकन म्हणाली, "म्हंजे कालाच की." एकमेकांच्या तोंडात घास घालण्यापुरतं तिचं म्हणणं बरोबर होतं. फरक आहे तो आठवणीचा: इथे एका विशिष्ट रात्रीची, एका मरणाची आठवण आहे. आणि प्रसादाशी गफलत करू नका. प्रसाद देवाला दाखवून वाटतात आणि शेजारीपाजारीही देतात. हे तसं वाटायचं नसतं.

घरी नेऊन देण्याची रीत किती जुनी? रोममध्ये जस्टिन नावाच्या माणसाने सुमारे इ.स. १५५ला लिहून ठेवलंय की रविवारच्या सभेनंतर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर आणि प्याला पोचवत. त्याच वेळी जमलेलं दान अनाथ, विधवा आणि आजारी यांच्याकडे जाई. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "बघ, तेव्हाबी कोन तरी अंथरुणाला खिळलेलं होतंच की."

वार ठरवा, पण पाण्याचा नको

सोलापूरकरांना हे सांगायची गरज नाही, तरी सांगते. नळाला पाणी यायचा दिवस टाळा. मध्ये काही दिवस जाऊन पाणी येणार, सगळं घर मोटर, पिंपं आणि पाइप यांच्यामागे, आणि त्यात पाळकसाहेब दारात. एकदा आमच्याकडे उपकारस्तुती चालू असताना वरची टाकी भरून वाहायला लागली आणि घरातला एकेक माणूस डोळे न उघडता दाराकडे सरकू लागला. दुपारी चारनंतरची वेळ चांगली. शेजारी यंत्रमाग असेल तर खडखड असणारच. त्याची सवय आजारी माणसाला आपल्यापेक्षा जास्त असते.

पाऊण तास मोकळा ठेवा. विधी पंचवीस-तीस मिनिटांचाच, पण नंतर चहा होतो आणि चहावरच खरं बोलणं होतं.

भाकर

मराठी शास्त्रात शब्द 'भाकर' आहे, आणि चर्चमध्ये मिळतो पाव. शब्बाथशाळेतल्या एका पोराने मला भर वर्गात विचारलं, "बाई, येशू कडक भाकरी खायचा का?" वर्ग हसला. प्रश्न वाईट नव्हता. तिथे ती गव्हाची किंवा जवाची रोटी असणार. आपल्या भाषांतरकारांनी आपलं रोजचं अन्न ज्या शब्दात आहे तो शब्द घेतला, आणि माझ्या मते फार बरं केलं.

तुमच्या मंडळीत पाव चालत असेल तर बेकरीचा ताजा साधा पाव आणा, गोड बन नको. बेखमीर हवी असेल तर घरी करा, सोपं आहे. एक वाटी कणीक, चिमूट मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. घट्ट मळा. मळून झाकून ठेवायची आपली सवय असते ती इथे सोडा, लगेच लाटा. यहुदी लोकांत वल्हांडणाच्या भाकरीला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत ती भाजून झाली पाहिजे असा नियम आहे. आपल्याला घड्याळ लावायचं कारण नाही, पण घाईत केलेली भाकर ही तिची ओळखच आहे. पोळीपेक्षा जाड, तळहाताएवढी लाटा, काट्याने टोचा म्हणजे फुगणार नाही, मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. आठ-दहा जणांना एक पुरते. आधी कापून तुकडे करून ठेवू नका. ती सगळ्यांसमोर अख्खी यायला हवी आणि तिथेच मोडली जायला हवी.

ज्वारीची चालेल का? कुणाला गव्हाचा त्रास असेल तर हा प्रश्न खरा असतो. कॅथलिक चर्चमध्ये गहूच लागतो. इतर बऱ्याच ठिकाणी पाळक परवानगी देतात, विचारून घ्या. ज्वारीची केली तर मऊ, ताजी करा. आपली सोलापुरी कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर स्वर्ग असेल, पण मोडली की तिचा भुगा होतो. तो पांढऱ्या कापडावर, मांडीवर, शास्त्राच्या पानांत जातो आणि मग सगळे प्रार्थना सोडून तेच वेचत बसतात.

द्राक्षरस

याबाबतीत आपण नशीबवान आहोत. उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज म्हणजे द्राक्षांचं गाव. 'शरद सीडलेस' ही काळी जात तिथलीच. आणि द्राक्षांचा हंगाम नेमका लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) दिवसांत भरात असतो, तेव्हा पवित्र गुरुवारचा रस घरी करता येतो.

बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या वाइन वापरत नाहीत, न आंबवलेला रस वापरतात. त्यामागे एक दंतवैद्य आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडचा थॉमस वेल्च, मेथॉडिस्ट माणूस. द्राक्षाचा रस ठेवला की आंबतो, कारण सालीवरच यीस्ट असतं. पाश्चरची युक्ती वापरून त्याने १८६९ साली रस तापवून बाटल्यांत बंद केला, प्रभुभोजनासाठी. तोवर 'दारू नको' म्हणणाऱ्यांपाशी वर्षभर टिकणारा सोपा पर्याय नव्हता. ज्या घरात दारूने एखादा माणूस गेलाय किंवा एखादा नुकता सुटलाय, तिथे हा प्रश्न तत्त्वाचा राहत नाही. तिथे रसच घ्या.

मला हे सगळं कळलं ते फजिती झाल्यावर. पहिल्या वर्षी मी नुसती द्राक्षं चुरडली, गाळली, बाटलीत भरली आणि प्रभुभोजनाचं साहित्य म्हणून भक्तिभावाने कपाटात ठेवली. सोलापूरचा एप्रिल. तिसऱ्या रात्री फटाक्यासारखा आवाज झाला. झाकण छताला, रस भिंतीवर, आणि त्या कपाटात ठेवलेल्या नव्या चादरींवर. नवरा म्हणाला, "झाली, वाइन तयार झाली." तो डाग अजून एका चादरीवर आहे.

तर नीट रीत अशी. एक किलो काळी द्राक्षं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून चोळून दोन-तीनदा धुवा, फवारणी असते. देठ काढा. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवा, पळीच्या पाठीने चेपत राहा. उकळी फुटू द्यायची नाही, वाफ दिसत राहिली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांत साली फुटतात आणि रस जांभळा होतो. स्वच्छ मलमलीतून गाळा. पिळू नका, पिळलं की गढूळ होतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की तळाशी साका बसतो. वरचा निवळ रस अलगद ओता, पुन्हा वाफ येईपर्यंत तापवा, उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटलीत भरा. गार झाला की फ्रिजमध्ये. चार-पाच दिवसांत वापरायचा. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एका माणसाला एक खडा पुष्कळ होतो आणि पावसाळ्यातही रस हाताशी राहतो. साखर घालायचं कारण नाही. हंगाम नसेल तर मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, उकळून गाळलेलं पाणी चालतं, रंग फिका येतो एवढंच. लाल सरबत मात्र नको. रंग सारखा आहे म्हणून ते द्राक्षाचं होत नाही.

भांड्यांचा बाऊ करू नका. स्वच्छ स्टीलचं ताट, पांढरा धुतलेला रुमाल, एक पेला आणि छोट्या वाट्या. आमच्याकडे खोकल्याच्या औषधाची मोजपात्रं जमवली होती, ती उकळून तीच वापरायचो. सासूबाईंना त्यात गंमत वाटायची. "दवाच हाय ना ही पन," म्हणायच्या.

आदल्या दिवसाचं काम

खरी तयारी ही. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितलंय: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आणि नीट वाचा: 'भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध', तुझ्या मनात नव्हे.

एका वर्षी माझं आणि जाऊबाईंचं पाण्याच्या पाइपवरून वाजलं होतं. आधी कोणाचं पिंप भरायचं, एवढंच. आठ दिवस बोलणं बंद. इकडे मी कणीक मळतेय, तिकडे सासूबाई पलंगावरून बघतायत. म्हणाल्या, "खाली जा." मी म्हटलं, चूक तिची आहे. त्या म्हणाल्या, "मंग माझ्यासाठी नको करू भाकर." गेले खाली. जाऊबाई भांडी घासत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "किती वाजता यायचंय?" तेवढंच. माफी वगैरे कोणी मागितली नाही. मोटरचा वार मात्र तेव्हापासून वाटून घेतलाय.

तेव्हा आदल्या दिवशी एक फोन करा किंवा एक जिना उतरा. आणि कोण कोण असणार त्याची आठवण काढा: रात्रपाळीचा मुलगा, मागच्या खोलीत एकटं जेवणारे दीर. वेळ त्यांना जमेल अशी धरा.

कोणी घ्यायचं

साधारण रीत म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी. काही मंडळ्यांत दृढीकरणानंतर, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीनंतर. लहान मुलांचं मंडळीप्रमाणे वेगळं. शेजारच्या वहिनी नेमक्या त्याच वेळी आल्या तर त्यांना उठवू नका. "आमची प्रार्थना आहे, बसा की" म्हणा, आणि आधीच सांगून ठेवा की ताट फिरेल तेव्हा त्यांच्यापुढे थांबणार नाही, ही आमच्यातल्या दीक्षेची खूण आहे. चहा-बिस्किटं सगळ्यांना. आधी सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. ऐन वेळी ताट मागे ओढलं तर घेतं. मुलांना घेता येत नसेल तर पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, ते मागून घ्या.

क्रम

पाळक आले तर त्यांचं उपासनेचं पुस्तक असतं. तुम्हाला चालवायला सांगितलं असेल तर हा साधा क्रम पुरतो.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. पलंगाजवळ स्टूल, त्यावर कापड, भाकर, रस, वरून दुसरा रुमाल झाकलेला, माश्या असतात. एक गीत म्हणा, सगळ्यांना पाठ असलेलं. नारायण वामन टिळकांची भजनं असतील तर उत्तमच. सुराची काळजी नको. आमच्याकडे पेटी नव्हती, सासूबाई बोटांनी पलंगाच्या कडेवर ठेका धरायच्या.

मग वाचन: करिंथकरांस पहिले पत्र अकरावा अध्याय, तेविसावं ते सव्विसावं वचन. वेळ असेल तर लूक बावीसही. घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याला वाचू द्या, अडखळला तरी.

मग शांतता. नवख्या माणसाला हा भाग सगळ्यात अवघड जातो; अर्ध्या मिनिटात कोणीतरी खाकरतं. दोन मिनिटं थांबा. प्रत्येकाने मनात आपली चूक कबूल करायची. मोठ्याने एकमेकांचे दोष काढायची ही जागा नव्हे. एका घरी सासरेबुवांनी प्रार्थनेतून सुनेला सुनावलं होतं, म्हणून बजावते. शेवटी प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणा.

आता त्या चार क्रिया. भाकर हातात घ्या, सगळ्यांना दिसेल अशी. उपकार माना, आपल्या शब्दांत, थोडक्यात: पिकवणाऱ्याचे, भाजणाऱ्याचे आणि ज्याने स्वतःला दिलं त्याचे. मोडा. इथे घाई नको, भाकर मोडल्याचा आवाज ऐकू येऊ द्या. द्या, आणि देताना नाव घेऊन द्या: "आत्या, ख्रिस्ताचं शरीर, तुमच्यासाठी." प्रत्येकाने आपल्या हाताने उचलून घेण्यापेक्षा शेजारच्याने शेजारच्याला द्यावं. ज्याच्याशी कालपर्यंत बोलत नव्हता त्याच्या शेजारी बसा, म्हणजे कामच झालं. मग प्याला, तसाच. सगळ्यांचं होईपर्यंत थांबा.

शेवटी उपकाराची लहान प्रार्थना, आजारी आणि गैरहजर माणसांची नावं घेऊन मध्यस्थी (त्यांच्यासाठी प्रार्थना), आणि एक गीत. ताटाशेजारी एक वाटी ठेवा, त्यात ज्याला जमेल ते टाकेल. ते पैसे मंडळीतल्या अडलेल्या घरी जाऊ द्या. जस्टिनच्या काळापासून हे दोन्ही जोडीने चालत आलंय.

आजारी माणसाजवळ

पाठीला उशा लावून नीट बसतं करा, आणि नंतरही अर्धा तास बसतंच ठेवा. गिळायला त्रास असेल तर पातळ रस सरळ पाजू नका, तो श्वासनलिकेत जायची भीती असते; डॉक्टरांना आधीच विचारा. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी भाकरीचा ज्वारीच्या दाण्याएवढा कण रसात बुडवून चमच्याच्या टोकाने जिभेवर ठेवायचा. तेवढा पुष्कळ झाला. नळीने अन्न चालू असेल तर तोंडात काहीच घालू नका. वचन वाचा, हात धरा, प्रार्थना करा. त्यांचं प्रभुभोजन हुकलं असं कोणताही शहाणा पाळक म्हणणार नाही.

ऐकू कमी येत असेल तर कानाशी, सावकाश. विसराळूपणा आलेल्या माणसाला नातवाचं नाव आठवत नाही, पण प्रभूची प्रार्थना सुरू केली की ओठ हलायला लागतात. हे मी तीन-चार घरी पाहिलंय.

सासूबाईंचं शेवटचं प्रभुभोजन जूनमध्ये झालं, गोठवून ठेवलेल्या रसाच्या खड्यावर. तो विरघळायची वाट बघत आम्ही सगळे पलंगाभोवती बसलो होतो. जाऊबाईंनी वाटी हाताच्या ओंजळीत धरून गरम केली आणि कण त्यांनीच भरवला.

उरलेलं

कॅथलिक घरात हा प्रश्न येत नाही, आणणारा माणूसच ते बघतो. इतर ठिकाणी उरलेली भाकर तिथेच सगळ्यांनी मिळून संपवावी. रस उरला तर तोही प्यावा किंवा बागेत, कुंडीत मातीला द्यावा. मोरीत ओतू नका, केराच्या डब्यात टाकू नका. नियम म्हणून नाही, आपण जेवणातलं अन्नसुद्धा तसं टाकत नाही. कापड झाडताना पडलेले कण चिमण्यांना. वाट्या आपल्या हाताने धुवा. आणि रविवारी पाळकांना सांगा की कोणी कोणी घेतलं आणि कोण यायचं राहिलं; त्या राहिलेल्याकडे पुढच्या महिन्यात जायचं असतं.